कुष्ठ वसाहतीत पाय धुवायला जाताय? आधी एवढं करा

दरवर्षी पवित्र गुरुवार (ईस्टरच्या आधीचा गुरुवार, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण) जवळ आला की मला दोन-तीन चर्चच्या मंडळ्यांतून फोन येतात. "यंदा आमचा तरुण संघ कुष्ठ वसाहतीत जाऊन पाय धुणार आहे. सोबत काय काय न्यायचं?" मी विचारतो, "आणि पुढच्या गुरुवारी कोण जाणार?" मग "ते बघू नंतर" असं उत्तर येतं.

हा लेख त्या "बघू नंतर"साठी आहे. पाय धुणं हा विधी म्हणून सोपा आहे. बधिर पायाची निगा म्हणून ते शिकावं लागतं, आणि न शिकता केलं तर इजा होते. आमच्या हातून झालेली आहे. पहिल्या वर्षी थकलेल्या पायांना बरं वाटेल म्हणून आम्ही टबात गरम पाणी ओतलं. एक आजोबा त्यात पाय बुडवून पाच-सात मिनिटं निवांत गप्पा मारत बसले होते, आम्ही खूश. संध्याकाळी त्यांच्या पावलावर फोड उठले. त्यांना पाणी गरम लागलंच नव्हतं, आणि आमच्यापैकी कोणी त्यात बोट घालून पाहिलं नव्हतं. ती जखम भरेपर्यंत पावसाळा लागला. तोवर आमचे पाय धुतानाचे फोटो मंडळीच्या फलकावर लागलेले होते.

## १. कोणाच्या पायांशी आपली गाठ आहे, ते समजून घ्या

वसाहतीत राहणारी बहुतेक माणसं आजारी नाहीत. बहुविध औषधोपचार पूर्ण करून ती कधीच बरी झाली आहेत. हा उपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, आजाराच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने चालतो. जंतू गेले, पण त्यांनी नसांचं केलेलं नुकसान राहिलं. तळपाय बधिर झाला, काहींचं पाऊल लुळं पडलं, बोटं आखडली. खडा, खिळा, चटका, घट्ट चप्पल यांतलं काहीच कळत नाही, म्हणून जखमा होतात. बोटं "झडतात" ती रोगाने नव्हे, अशा न कळलेल्या जखमा पुन्हापुन्हा चिघळल्याने.

एका मावशींची चप्पल पायातून निघेना. पाहिलं तर भिंतीवर कॅलेंडर लावायची टाचणी चप्पल भेदून तळव्यात रुतलेली. कधी रुतली, त्यांना सांगता येईना. असा पाय तुमच्या मांडीवर येणार आहे, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

हात लावल्याने तुम्हाला काही होणार नाही. तेव्हा नमस्काराला, हात धरायला, धड कातडीला हातमोजे नकोत. उघड्या जखमेला मात्र हातमोजे घाला, जसे कुठल्याही माणसाच्या जखमेला घालाल. हा फरक गटातल्या प्रत्येकाला आधी समजला पाहिजे. दारातूनच हातमोजे चढवून आत शिरलेल्या पाहुण्यांना ही माणसं लगेच ओळखतात. जन्मभर तेच पाहत आली आहेत.

शब्द सांभाळा. महारोगी, कोढी हे शब्द तोंडातून जायला हवेत, प्रवचनातूनसुद्धा. "कुष्ठरोग म्हणजे पापाचं चित्र" हे वाक्य वसाहतीतला माणूस समोर बसलेला असताना एकदा ऐकून पाहा. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १३व्या आणि १४व्या अध्यायांत जो शब्द येतो तो वस्त्राला आणि घराच्या भिंतीलाही लावलेला आहे, म्हणजे आज दवाखान्यात ज्याला कुष्ठरोग म्हणतात तेवढाच त्याचा अर्थ नाही. पाळकसाहेबांशी हे आधीच बोलून घ्या.

## २. परवानगी, माणसं आणि वार

पहिली भेट वसाहतीच्या पंचांची किंवा प्रमुखाची. "आम्हाला सेवा करायची आहे" असं म्हणू नका. "पायांच्या निगेसाठी दर पंधरवड्याला येणारे चार हात हवे आहेत का?" असं विचारा. उत्तर "नको" असू शकतं. "आम्हाला पायाचं नको, रस्त्यावरचा नळ दुरुस्त करून द्या" असंही असू शकतं. मग नळाचं बघा.

दुसरी भेट दवाखान्याची. तुमच्या भागातलं प्राथमिक आरोग्य केंद्र, किंवा जिल्ह्याचं सहायक संचालक, आरोग्य सेवा (कुष्ठरोग) यांचं कार्यालय. मिरजेचं रिचर्ड्सन, पुण्यात कोंढव्याचं, अमरावती जिल्ह्यात कोठाऱ्याचं अशी कुष्ठरोगाचं काम करणारी रुग्णालयं जवळ असतील तर तिथे जा. मागायचं एकच: बधिर पायाची निगा शिकवायला कोणी तरी अनुभवी माणूस, निदान एक दिवस. पायाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने त्या दिवशी हजर असलंच पाहिजे. न आलेल्याने पाणी भरावं, टब धुवावेत, चहाची भांडी विसळावीत. ही कामं हलकी वाटत असतील तर तो माणूस या गटासाठी नाहीच.

माणसं चार ते सहा, बस. वीस जणांची बस आली की वसाहतीचं प्राणिसंग्रहालय होतं. चार शिकलेली माणसं दोन तासांत दहा-बारा जणांचे पाय नीट पाहू शकतात. एक तरी बाई गटात हवी, कारण म्हाताऱ्या बायका परक्या पुरुषासमोर लुगडं घोट्याच्या वर घेत नाहीत, आणि न घेता "माझं बरं आहे" म्हणून मोकळ्या होतात.

तारखा ठरवताना दोन वेळा टाळा: ३० जानेवारी आणि नाताळचा आठवडा. ३० जानेवारी हा आपल्याकडे कुष्ठरोग निवारण दिन. त्या दिवशी ब्लँकेट घेऊन सगळेच येतात. तुम्ही जूनच्या चिखलात जा.

थांबा आणि तपासा: पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा कागदावर आहेत का? प्रत्येक तारखेपुढे नावं आहेत का? नसतील तर पवित्र गुरुवारचा कार्यक्रम यंदा रद्द करा. कोणाचं काही अडणार नाही.

## ३. पहिल्या तीन फेऱ्या: टब घरी ठेवा

इथे सगळ्यात जास्त घाई होते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिल्या तीन फेऱ्यांत कोणाच्या पायाला हात लावायचा नाही. बसायचं, नावं विचारायची, लक्षात ठेवायची. आणि समोर आलेला चहा प्यायचा. त्यांच्या घरचा, त्यांच्या कपातला, त्यांच्या हातचा. "आत्ताच घेतला", "मला चहा चालत नाही", "उपास आहे" ही तिन्ही उत्तरं त्यांनी हजारदा ऐकली आहेत आणि तिन्हींचा अर्थ त्यांना ठाऊक आहे. खरंच चालत नसेल तर पाणी मागून घ्या, पण त्यांच्या तांब्यातलं. पाण्याच्या स्वच्छतेची शंका असेल तर उकळलेला चहाच बरा.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात येशू बेथानीत शिमोन कुष्ठरोग्याच्या घरी जेवायला बसलेला दिसतो. तिथे तो कोणाला काही द्यायला गेलेला नाही, पाहुणा म्हणून गेला आहे. आपल्याला देणं जमतं, घेणं जमत नाही. आमच्या गटातल्या एका भाऊंना हे साधायला चार महिने लागले. आता ते वसाहतीतल्या एका काकांकडून हक्काने तंबाखूची चिमूट मागून घेतात. मला ती सवय पसंत नाही, पण त्या दोघांत आता कोणी कोणाचा सेवेकरी उरलेला नाही, हेही खरं.

बोलण्यात काका, मावशी, आजी, दादा. "बिचारे" नाही. वयाने मोठ्या माणसाला अरे-तुरे तर नाहीच नाही. दया आली की जीभ आपोआप एकेरीवर घसरते, लक्ष ठेवा.

या फेऱ्यांत आणखी एक गोष्ट बघायची: पुढे कोण येत नाही. प्रत्येक वसाहतीत पुढे बसणारे पाच-सहा चेहरे ठरलेले असतात. गल्लीच्या टोकाच्या खोलीत, दार अर्धं लोटून बसलेलं कोणी तरी असतं. बहुधा जखमेला वास येतो म्हणून ते माणूस बाहेर येत नाही. ती खोली लक्षात ठेवा. कामाची सुरुवात तिथून करायची आहे.

## ४. सामान

प्लास्टिकचे खोल टब, दोन्ही पाय घोट्यापर्यंत बुडतील एवढे. प्रत्येकाला वेगळा मऊ पंचा. प्रत्येकाला स्वतःची दगडी वजरी, तिच्यावर नाव घातलेलं. घरात असते ती धारेची पितळी वजरी नको, बधिर कातडी तिने सोलवटते. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन. गॉझ, सुती पट्टी, चिकटपट्टी, हातमोजे. आतल्या बाजूचं, बोटांच्या बेचक्यातलं दिसायला छोटा आरसा आणि विजेरी. एक वही. टब धुवायला साबण आणि ब्लीचिंग पावडर.

ब्लेड, कात्री, भोवरीवर लावायच्या औषधी पट्ट्या आणि गरम पाण्याची पिशवी घरीच राहू द्या. कोणी आणलीच तर पिशवीतून बाहेर काढू नका.

## ५. प्रत्यक्ष पाय: याच क्रमाने

पहिलं, विचारा. "काका, पाय बघू का?" मान हलेपर्यंत खाली बसू नका. कोणी नाही म्हटलं तर नाही. येशू पाय धुवायला लागला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र यानेही आधी नकार दिला होता आणि येशूने त्याला समजावलं, हा दाखला देऊन आग्रह करणारे मी पाहिलेत. तिथे धुणारा कोण होता ते आठवा. आपण तो नाही.

दुसरं, बघा. भिजवण्याआधी. बसणारा खुर्चीवर, तुम्ही जमिनीवर. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या, कडा. भेग, फोड, लालसरपणा, सूज, रुतलेलं काही. मग तुमच्या हाताची पालथी बाजू दोन्ही पावलांवर फिरवा. एकाच जागी ऊब जास्त लागली तर आत काही तरी शिजतंय, वरून दिसत नसलं तरी. वहीत लिहा: तारीख, कोणता पाय, कुठे.

तिसरं, भिजवा. साधं, थंडसर, स्वच्छ पाणी. पाण्याची परीक्षा तुमच्या कोपराने करायची, बसणाऱ्याला "गरम नाही ना?" असं विचारून नव्हे. त्याला ते कळत नाही, हाच तर सगळा प्रश्न आहे. २० मिनिटं. नसा गेल्याने या पायांना घाम येत नाही, म्हणून कातडी कोरडी पडते, घट्टे आणि भेगा होतात. भिजवणं हे त्या कोरडेपणावरचं उत्तर आहे. पाच मिनिटांत पाय बाहेर काढला तर फक्त धूळ जाते. वीस मिनिटं बोलत बसायचा कंटाळा येत असेल तर बसा, कंटाळा येऊ द्या.

चौथं, घासा. फक्त घट्टा आणि भेगांच्या जाड कडा. ओल्या दगडाने, एकाच दिशेने, हलक्या हाताने. गुलाबी कातडी दिसायच्या आत थांबा. घट्टा एका दिवसात काढायचा नसतो. पुढच्या फेरीला तुम्ही येणारच आहात. जखमेवर आणि जखमेच्या कडांवर दगड नाही, ते काम शिकलेल्या परिचारिकेचं.

पाचवं, तेल. इथे बहुतेक जण चुकतात. पाय खसाखसा पुसून कोरडे करतात आणि मग तेल लावतात. उलटं करा. बोटांच्या बेचक्या तेवढ्या टिपून कोरड्या करा, बाकी पाय ओलसर असतानाच तेल चोळा. आत गेलेलं पाणी आतच धरून ठेवायचं, त्यासाठी तेल.

सहावं, जखम. लहान, स्वच्छ जखम असेल तर स्वच्छ पाण्याने धुऊन गॉझ आणि पट्टी. हळद, राख, चुना, कोणाच्या घरातली उरलेली पूड काही नाही. आणि मग त्या पायाला विश्रांती, कारण चालत्या पायाची जखम भरत नाही, कितीही मलम लावा. त्याला नळावर, रेशनला, संडासला चालतच जावं लागतं. तेव्हा सेवा करायचीच असेल तर त्या आठवड्याचं पाणी कोण भरणार, ते ठरवून उठा. पट्टी बांधण्यापेक्षा ते मोठं काम आहे आणि त्याचा फोटो चांगला येत नाही.

सातवं, चप्पल. पायात घालू द्यायच्या आधी चप्पल हातात घ्या, उलटी करा, तळ बघा, आत बोटं फिरवा. खिळा, खडा, काटा. तळ मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक छिद्रांच्या) रबराचा हवा, अंगठ्याने दाबल्यावर दबणारा. टाचेमागे पट्टा हवा, नाही तर बधिर पायातून ती निसटते आणि माणसाला कळतही नाही. कोपऱ्यावरच्या चांभाराकडून खिळे मारून दुरुस्त केलेली चप्पल बाद. चिकटवून किंवा शिवून घ्या. सरकारी कार्यक्रमातून अशा चपला फुकट मिळतात. त्या मिळवण्यासाठी पाठपुरावा करा, देणगीच्या पैशातून दुकानातली चकचकीत रबरी चप्पल आणू नका. नवी चप्पल पहिल्या दिवशी थोडाच वेळ घालायची, काढून पाय बघायचा, मग रोज वेळ वाढवायचा.

एकाचं झालं की टब घासून, ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन, नवं पाणी. तेच पाणी पुढच्याला नको, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

## ६. इथे तुमचं काम संपतं

पुढचं काही दिसलं तर टब बाजूला ठेवायचा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा: पू, दुर्गंधी, जखमेत पांढरं हाड, पाय लाल होऊन सुजणं, ताप. डोळा लाल होणं, विशेषतः ज्यांची पापणी पुरती मिटत नाही त्यांचा. हातापायात नव्याने आलेला अशक्तपणा, नसेचं दुखणं, नवीन बधिरपणा. नसेचा त्रास ताजा असताना उपचार मिळाले तर ती वाचू शकते. "पुढच्या फेरीला बघू" म्हणण्यात ती जाते. घरातल्या कोणाच्या, मुलांच्याही अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर आरोग्य केंद्रात दाखवून घ्या.

सोबत जा. नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नका. रांगेत तुम्ही शेजारी उभे असलात की त्यांना "तिकडे लांब बसा" म्हणणारा जरा दबतो. हे बरोबर नाही, पण असंच आहे.

## ७. पैसा, प्रार्थना, फोटो

फोटो नाही. पायाचा नाही, चेहऱ्याचा नाही, पाठमोराही नाही. मंडळीला अहवाल हवा असेल तर वही आहे.

पैसे हातात नाहीत. पण कागदांना मदत करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्ती येतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, संजय गांधी निराधार योजनेचा तहसीलमधला अर्ज, हयातीचा दाखला या प्रत्येक ठिकाणी खेटे घालावे लागतात. रेशनच्या यंत्राला बोटाचा ठसा लागतो आणि ज्याला बोटंच नाहीत तो रांगेतून रिकाम्या हाताने परततो. आधारच्या नोंदणीत अशांसाठी अपवादाची सोय आहे, डोळ्याच्या बुबुळावरूनही ओळख पटवता येते. पण ते दुकानदाराला सांगायला कोणी तरी धट्टाकट्टा, चढ्या आवाजाचा माणूस लागतो. मंडळीत असा एक तरी असतोच. चर्चच्या पंच कमिटीच्या बैठकीत त्याचा त्रास होतो, इथे उपयोग होईल.

प्रार्थना कोणी मागितली तरच. वसाहतीत हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती सगळे असतात. पाय टबात असलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याच्यासमोर पुस्तिका काढणं म्हणजे त्याची अडवणूक. कोणी "तुम्ही का येता?" असं विचारलं तर खरं ते दोन वाक्यांत सांगा आणि पुन्हा पायाकडे बघा.

## ८. वजरी त्यांच्या हाती द्या

साधारण तिसऱ्या महिन्यापासून वसाहतीतल्याच दोघा-तिघांना शिकवायला लागा. ज्याची बोटं शाबूत आहेत त्याने घासायचं, ज्याचे डोळे चांगले आहेत त्याने बघायचं, तिसऱ्याने वही. रोज संध्याकाळी, तुमच्याशिवाय. पाय रोज बघावा लागतो, पंधरवड्यातून एकदा पुरत नाही. तुमच्या फेरीला मग फक्त वही तपासायची आणि अडलेलं सोडवायचं.

इथे गटातल्या काहींचं मन मोडतं, "आता आपली गरजच नाही" म्हणून. त्यांना चहाला पाठवा.

## ९. आणि पवित्र गुरुवार

त्या दिवशी वसाहतीत कार्यक्रम नको. वसाहतीतल्या ज्यांना उपासनेला यायचं असेल त्यांना चर्चमध्ये आणा. आठवडाभर आधी हे बघून ठेवा: गाडी कोणाची, पायऱ्यांना कठडा आहे का, चपला दाराबाहेर काढायची पद्धत असेल तर त्यांच्या पायात राहू द्यायच्या हे दारावरच्या माणसाला माहीत आहे का. बसायला मधली बाकं, मंडळीतल्या लोकांमध्ये मिसळून. मागचं वेगळं बाक नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमकं हेच भांडण आहे: श्रीमंताला चांगली जागा, गरिबाला खाली.

पाय धुण्याचा विधी असेल तर ज्या बारा जणांचे (बारा शिष्यांच्या आठवणीत) पाय धुतात त्यांत त्यांना घालायचं की नाही, हे त्यांना विचारा. आमच्याकडच्या त्या आजोबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "माझे पाय रोज धुतले जातात. पाळकाचे मी धुतो." पाळकसाहेब बसले. आजोबांनी आधी पाण्यात कोपर बुडवून पाहिलं, मग त्यांना ते कळणार नाही हे आठवून आमच्यातल्या एकीला पाहायला सांगितलं.

प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला) एकच प्याला फिरत असेल तर त्याबद्दल चर्चच्या वडीलजनांशी आधीच बोला. कोणी तरी रांगेत मागे-पुढे सरकतं, आणि ते वसाहतीतल्या माणसाला सगळ्यात आधी दिसतं. आमच्याकडे वसाहतीतली माणसं चर्चमध्ये आली त्या पहिल्या वर्षी पाळकसाहेब स्वतः आजोबांच्या लगेच मागे उभे राहिले.